व्हिएतनामची ओळख लिहायची तर युद्धापासून सुरुवात नको

प्रश्न असा आहे: अकरावीच्या भूगोल प्रकल्पासाठी आग्नेय आशियातल्या एका देशाची ओळख आठ-दहा पानांत लिहायची आहे. वाट्याला व्हिएतनाम आला. माहिती शोधायला बसलं की निम्मी अमेरिकेबरोबरच्या युद्धाची निघते आणि उरलेली सहलींच्या जाहिरातींची. मग लिहायचं काय आणि कुठल्या क्रमाने? जोडीला एक उपप्रश्न आहे: व्हिएतनामने शिवाजी महाराजांकडून प्रेरणा घेऊन अमेरिकेला हरवलं, हे घालू का?

कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवताना असे देश-परिचय मी गठ्ठ्यांनी तपासले आहेत. बहुतेकांचा साचा एकच असतो: राजधानी, चलन, राष्ट्रीय फूल, राष्ट्रीय प्राणी, प्रेक्षणीय स्थळं, शेवटी झेंडा रंगवलेला. माहिती चूक नसते, पण देशाचं नाव झाकलं तर हे थायलंडबद्दल आहे की फिलिपिन्सबद्दल ते कळत नाही. व्हिएतनामच्या बाबतीत तुझी एक सोय आहे. या देशाचा नकाशा नीट वाचला की इतिहास, शेती, राजकारण, अगदी ताटातलं जेवणसुद्धा त्यातून उलगडत जातं. म्हणून नकाशापासून सुरू कर. युद्ध मध्ये कुठेतरी त्याच्या मापाने येईल.

आधी माप घे. व्हिएतनामचं क्षेत्रफळ साधारण 3.31 लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचं 3.08 लाख. त्यांची लोकसंख्या 2023 साली दहा कोटींच्या पुढे गेली. आपली 2011 च्या जनगणनेतच 11.24 कोटी होती. वार्षिक उत्पन्नाचा एकूण आकडासुद्धा दोघांचा आसपासच भरतो. तेव्हा वाचणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात सांगून टाक की हा देश आकाराने महाराष्ट्राएवढा आहे. फरक आहे तो आकृतीचा. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 1,650 किलोमीटर, आणि मध्ये कंबर इतकी बारीक की एका ठिकाणी समुद्रापासून लाओसची सीमा जेमतेम पन्नास किलोमीटरवर येते. किनारा 3,260 किलोमीटरचा. जमिनीचा तीन चतुर्थांश भाग डोंगराळ आहे आणि माणसं दाटीने राहतात ती दोन टोकांच्या दोन सपाट त्रिभुज प्रदेशांत: उत्तरेला सोंग होंग म्हणजे तांबड्या नदीचा, दक्षिणेला मेकाँगचा. व्हिएतनामी लोक स्वतःच आपल्या देशाला कावडीची उपमा देतात: मध्ये डोंगररांगेचा बांबू आणि दोन्ही टोकांना भाताची एकेक टोपली. तुझ्या पहिल्या पानावर हीच आकृती काढ.

आता अ‍ॅटलासमध्ये हनोई शोध आणि त्याच अक्षांशावरून बोट पश्चिमेला सरकव. थेट नागपूर लागेल. दोन्ही 21 अंश उत्तरेवर. तरीही जानेवारीत हनोईचं सरासरी तापमान 16-17 अंशांपर्यंत उतरतं, आकाश दिवसेंदिवस राखाडी राहतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अशी बारीक भुरभुर लागते की कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल सुटते. चीनकडून येणारे थंड वारे अडवायला तिथे हिमालयासारखी भिंत नाही, आणि हिवाळा सरता सरता तेच वारे समुद्रावरून वळून ओलावा घेऊन येतात. दक्षिणेचं हो ची मिन्ह सिटी साधारण कोइमतूरच्या अक्षांशावर आहे. तिथे थंडी नावालाही नाही: मे ते नोव्हेंबर पाऊस, बाकीचे महिने कोरडे. मधल्या किनाऱ्यावर, ह्युए आणि दा नांगकडे, तिसरीच गोष्ट. तिथला मोठा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर पडतो, तामिळनाडूत पडतो त्याच कारणाने, म्हणजे ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे, आणि त्यात पॅसिफिककडून येणाऱ्या चक्रीवादळांची भर असते. उत्तरही त्यांतून सुटत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये यागी वादळाने हनोईच्या वरच्या डोंगराळ भागात दरडी आणि पुरांनी शेकडो माणसं मेली. या एवढ्या लांबड्या देशाबद्दल ‘हवामान उष्ण व दमट आहे’ असं एकच वाक्य लिहून मोकळा होऊ नकोस. ते वाक्य मी आजवर इतक्या वह्यांत खोडलं आहे की आता हात आपोआप चालतो.

इतिहासही उत्तरेच्या टोपलीत सुरू होतो. तांबड्या नदीचं खोरं इ.स.पू. 111 पासून इ.स. 938 पर्यंत, मधली बंडं सोडली तर, चिनी साम्राज्यांच्या ताब्यात होतं. त्या बंडांत इ.स. 40 मधलं त्रुंग भगिनींचं बंड सर्वांत प्रसिद्ध. या दोन बहिणींच्या नावाचा रस्ता व्हिएतनामच्या जवळपास प्रत्येक शहरात सापडतो. 938 साली न्गो क्वेन या सेनानीने चिनी आरमाराला हरवलं ते भूगोल वापरून. आजच्या हाय फोंग बंदराजवळ बाक डांग नदीच्या तळात त्याने लोखंडी टोकांचे लाकडी खुंट रोवून ठेवले. भरतीच्या वेळी ते पाण्याखाली झाकलेले. शत्रूची गलबतं हुलकावणी देऊन आत ओढली, ओहोटी लागेपर्यंत झुंजवत ठेवली, आणि पाणी उतरू लागताच ती परतताना खुंटांवर अडकून फुटली. साडेतीनशे वर्षांनी, 1288 साली, त्रान हुंग दाओने मंगोल आरमाराची त्याच नदीत त्याच युक्तीने वाट लावली. भरती-ओहोटीचा धडा अभ्यासक्रमात आहेच. त्याला याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. चौकट करून टाक.

चीनशी लढत लढत या लोकांनी चीनकडून घेतलंही पुष्कळ. कन्फ्युशियसच्या शिकवणीवर उभा राज्यकारभार, चॉपस्टिक्स, चांद्र पंचांग, आडनाव आधी लिहायची पद्धत. हनोईतलं ‘वान मिएऊ’ हे विद्यापीठ-मंदिर 1070 सालचं. लेखी परीक्षा घेऊन अधिकारी निवडायची पद्धत देशात 1075 पासून 1919 पर्यंत चालली. उत्तीर्णांची नावं कोरलेल्या शिळा दगडी कासवांच्या पाठीवर आजही रांगेने उभ्या आहेत, आणि परीक्षेआधी तिथे मुलांची गर्दी असते. आग्नेय आशियातले म्यानमार, थायलंड, कंबोडिया हे शेजारी भारताकडून आलेल्या लिप्या आणि थेरवादी बौद्ध धर्माच्या वर्तुळातले. व्हिएतनाम त्यांच्या शेजारी राहूनही सांस्कृतिकदृष्ट्या चीन-कोरिया-जपानच्या पंक्तीत बसतो. हा वेगळेपणा देश-परिचयात ठळकपणे यायला हवा.

‘व्हिएतनाम पूर्वी हिंदू देश होता’ हे वाक्यही तुला ठिकठिकाणी भेटेल. अर्धवट खरं आहे. हिंदू होतं ते चंपा, आणि चंपा म्हणजे कावडीचा मधला बांबू: आजच्या मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावरची चाम लोकांची राज्यं. त्यांची भाषा मलायशी नात्यातली, व्यापार समुद्रावरचा, देव शिव. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने ‘मी सोन’ नावाच्या ठिकाणी भद्रेश्वराचं मंदिर बांधलं आणि पुढे जवळपास हजार वर्षं त्या खोऱ्यात विटांची देवळं उभी राहत गेली. इंद्रपूर, सिंहपूर, विजय अशी त्यांच्या राजधान्यांची नावं. मी सोनचं सर्वांत देखणं देऊळ 1969 मध्ये अमेरिकी बाँबफेकीत कोसळलं. अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तिथल्या काही मंदिरांची डागडुजी केली, आणि ते काम चालू असताना 2020 साली नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. ही बातमी आपल्याकडे गाजली. आज चाम लोकांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर आहे. त्यातले काही शिवभक्त आहेत आणि स्वतःला ‘बालामोन’ म्हणवतात, बरेच मुस्लिम आहेत. फान रांगजवळच्या पो क्लोंग गाराय मंदिरात त्यांचा काते नावाचा उत्सव दरवर्षी भरतो. तेव्हा चंपाला भूतकाळात पुरून टाकू नकोस, ती माणसं आहेत.

चंपाचं काय झालं, हे नकाशावर बाणाने दाखवता येतं. उत्तरेच्या खोऱ्यात माणसं वाढत गेली, पश्चिमेला डोंगर, वर चीन; सरकायला वाट एकच, दक्षिणेची. 1471 साली व्हिएत राजा ले थान्ह तोंगने चंपाची राजधानी विजय घेतली. सतराव्या-अठराव्या शतकात मेकाँगचा त्रिभुज प्रदेश कंबोडियाच्या ख्मेर राजांकडून हळूहळू व्हिएतांकडे गेला. आज तिथे राहणारे ख्मेर लोक त्या काळाची साक्ष आहेत. चंपाचा शेवटचा तुकडा 1832 मध्ये गिळला गेला. संपूर्ण देश एका राजाखाली आला तो 1802 साली, ह्युएच्या न्गुयेन घराण्यात. म्हणजे ज्या आकृतीला आपण आज व्हिएतनाम म्हणतो ती जेमतेम सव्वादोनशे वर्षांची आहे. चीनने गिळू नये म्हणून हजार वर्षं लढलेला हा देश दक्षिणेकडे स्वतः गिळत गेला. पाठ्यपुस्तकं पहिली बाजू सांगतात, दुसरी टाळतात. तू दोन्ही लिही.

लिपीबद्दल एक छोटी नोंद, कारण तिचा धागा गोव्याला लागतो. व्हिएतनामी भाषा आज रोमन लिपीत लिहितात, अक्षरांवर खाली-वर खुणांची गर्दी करून. सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या आश्रयाने आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी ही पद्धत घडवली. त्यातल्या अलेक्झांडर द ऱ्होड्सचा शब्दकोश 1651 साली रोममध्ये छापला गेला, आणि हा गृहस्थ पूर्वेला जाताना दोनेक वर्षं गोव्यात मुक्काम करून गेला होता. त्याच्या आगमनाच्या तीनच वर्षं आधी, 1616 मध्ये, राशोलला फादर स्टीफन्सचं मराठी काव्य रोमन लिपीत छापून झालं होतं. एकाच जेझुइट संघटनेची एकच रीत. आपल्याकडे मराठी देवनागरीत राहिली. तिथे विसाव्या शतकात शाळा आणि वर्तमानपत्रं या नव्या लिपीत गेली आणि चिनी अक्षरं मागे पडली.

फ्रेंचांनी 1858 मध्ये दा नांगवर तोफा डागल्या आणि पुढच्या तीसेक वर्षांत व्हिएतनाम, कंबोडिया आणि मग लाओस मिळून इंडोचायना ही वसाहत तयार केली. त्यांच्या काळाचं भूगोलाच्या अंगाने सांगण्यासारखं म्हणजे मेकाँगमध्ये खोदलेले कालवे, निर्यातीसाठी वाढवलेला भात, सायगावच्या (म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीच्या) उत्तरेच्या लाल मातीत लावलेले रबराचे मळे आणि डोंगरातली कॉफी. मजूर मात्र व्हिएतनामी, नफा फ्रेंच. दुसऱ्या महायुद्धात जपानी आले, आणि 1944-45 च्या हिवाळ्यात उत्तरेत इतका भीषण दुष्काळ पडला की मृतांचे अंदाज काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. 2 सप्टेंबर 1945 रोजी हनोईच्या बा दिन्ह मैदानात साम्यवादी नेते हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं ते या दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या लोकांपुढे.

युद्धाला एक पान पुरे. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धाचा निकाल 7 मे 1954 ला दिएन बिएन फूच्या खोऱ्यात लागला: भोवतालच्या डोंगरांवर तोफा हातांनी ओढून नेऊन जनरल ज्याप यांनी खाली तळ ठोकलेल्या फ्रेंच फौजेला कोंडलं. जिनिव्हा कराराने 17 अंश उत्तर अक्षांशाजवळ देश तात्पुरता कापला: उत्तरेत साम्यवादी सरकार, दक्षिणेत अमेरिकेच्या पाठिंब्याचं. कराराच्या देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. नेहरू त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हनोईला जाऊन आले. देश पुन्हा जोडण्यासाठी ठरलेली निवडणूक झालीच नाही. 1965 मध्ये अमेरिकेची लढाऊ पथकं दा नांगच्या किनाऱ्यावर उतरली, 1973 मध्ये परत गेली, 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं आणि पुढच्या वर्षी देश एक झाला. 1961 ते 1971 या काळात अमेरिकेने जंगलं आणि पिकं मारण्यासाठी सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली. त्यातल्या डायॉक्सिन या विषाचे परिणाम आणि मधल्या किनाऱ्यावरच्या क्वांग त्री भागाच्या शेतांत पुरलेले न फुटलेले बाँब अजून माणसांना भोवतात. आणि हेही लिही की विजयानंतर दक्षिणेतल्या अनेकांना छावण्यांत डांबलं गेलं, लाखो माणसं होड्यांत बसून देश सोडून गेली, आणि 1979 च्या फेब्रुवारीत चीनने, म्हणजे काल-परवाच्या साम्यवादी मित्राने, सीमेवर हल्ला केला. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी चीनच्या दौऱ्यावर होते. ते दौरा आटोपता घेऊन परतले.

शिवाजी महाराजांच्या गोष्टीबद्दल तू विचारलंस ते बरं केलंस. व्हॉट्सअ‍ॅपवर ती वर्षानुवर्षं फिरते आहे: विजयानंतर व्हिएतनामच्या प्रमुखाने पत्रकारांना महाराजांचं नाव सांगितलं, आपल्या थडग्यावर ‘शिवाजी महाराजांचा मावळा’ असं कोरायला लावलं, मग तिथला कुणी मंत्री रायगडावर येऊन माती घेऊन गेला. त्या संदेशात प्रमुखाचं नाव नसतं, वर्तमानपत्राचं नसतं, तारीख नसते. हो ची मिन्ह म्हणावेत तर ते 2 सप्टेंबर 1969 ला वारले, सायगाव पडण्याच्या साडेपाच वर्षं आधी. विजयानंतरची मुलाखत त्यांनी कशी दिली असेल? त्यांचं थडगंही नाही. त्यांचा देह हनोईच्या स्मारकात जतन करून ठेवला आहे. शिवाय गनिमी काव्यासाठी त्यांना बाहेर बघायची गरज काय होती? बाक डांगचे खुंट वर आलेच आहेत. 1418 ते 1427 या काळात ले लोय या जमीनदाराने डोंगरांच्या आडोशाने लढून चीनच्या मिंग फौजांना हाकललं. तिथली शाळकरी मुलं ही नावं आपल्याकडे तानाजी-बाजीप्रभू शिकतात तशी शिकतात. महाराजांची युद्धनीती आणि ले लोयची युद्धनीती यांची तुलना तू स्वतः केलीस तर उत्तम प्रकल्प होईल. फॉरवर्ड आलेला मजकूर मात्र घालू नकोस. परीक्षकाने पुरावा मागितला तर तुझ्याकडे काही नसेल.

आता अर्थव्यवस्था, आणि इथे हात सैल सोड. 1980 च्या दशकात शेती सहकारी संस्थांच्या ताब्यात होती, रेशनकार्डावर तांदूळ मिळायचा तोही पुरत नव्हता, आणि 1986 मध्ये महागाईचा दर 700 टक्क्यांच्या वर गेला. त्या डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या महाअधिवेशनाने ‘डोई मोई’ म्हणजे नूतनीकरण हे धोरण स्वीकारलं. खरा फरक पडला 1988 च्या ‘ठराव क्रमांक 10’ने. त्याने शेत कसायचा हक्क कुटुंबाकडे दिला. जमीन सरकारचीच राहिली, पण शेतीचे बरेचसे निर्णय कुटुंब घेऊ लागलं. दुसऱ्याच वर्षी, 1989 मध्ये, आयात करणारा हा देश तांदळाचा मोठा निर्यातदार बनला. नदी, जमीन, माणसं सगळी तीच होती. शेतकऱ्याच्या हातात निर्णय आला हा मुख्य बदल. अर्थशास्त्राच्या मास्तरांना हे उदाहरण दाखव, खूश होतील.

त्यानंतर दारं एकामागून एक उघडत गेली: 1995 मध्ये एकाच महिन्यात अमेरिकेशी राजनैतिक संबंध आणि आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचं सदस्यत्व, 2007 मध्ये जागतिक व्यापार संघटना. कोरियाच्या सॅमसंगने हनोईजवळच्या बाक निन्ह आणि थाय न्गुयेनमध्ये एवढे मोठे कारखाने उभारले की त्यांचे जगभर विकले जाणारे जवळपास निम्मे फोन तिथे जोडले जातात. 2024 मध्ये व्हिएतनामची निर्यात 400 अब्ज डॉलरांच्या पुढे गेली, एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार पंचमांशाहून जास्त. महाराष्ट्राशी तुलना इथे सुटते. उत्पन्नाचा आकडा सारखा असला तरी आपलं राज्य सेवाक्षेत्रावर चालतं, तो देश कारखान्यावर आणि बंदरावर. मात्र निर्यातीतला सुमारे सत्तर टक्के वाटा परदेशी कंपन्यांचा आहे, सुटे भाग बरेचसे चीनमधून येतात, आणि व्हिएतनामच्या हाती उरते ती मुख्यतः मजुरी. अमेरिकेने आयातशुल्क वाढवण्याची नुसती भाषा केली तरी हनोईत धावपळ होते ती यामुळेच.

शेतमालात ब्राझीलनंतर कॉफीचा क्रमांक दोनचा उत्पादक व्हिएतनाम आहे. रोबस्टा जातीत तर पहिला. मध्य पठारावरचं बुओन मा थुओत हे तिचं केंद्र. 1975 नंतर सरकारने सखल भागातली लाखो माणसं या पठारावर वसवली, जंगल तुटलं, एदे आणि जाराय या मूळच्या रहिवाशांच्या जमिनी गेल्या, आणि कॉफीला पाणी देता देता विहिरी खोल गेल्या. काळ्या मिरीत हा देश जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आहे, काजूगरातही. काजूची गंमत अशी की निम्म्याहून बरीच जास्त काजू बी ते कंबोडिया आणि आफ्रिकेतून आणतात, फोडतात, सोलतात आणि गर विकतात. कोकणातले काजू कारखानदारही आफ्रिकेची बी घेतात, तेव्हा बाजारात त्यांची गाठ या स्पर्धकाशी पडतेच.

एका प्रश्नासाठी मात्र दोन पानं राखून ठेव: मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. ही नदी तिबेटच्या पठारावर उगवून सहा देशांतून येते आणि शेवटच्या देशात फाटे फुटून समुद्राला मिळते. व्हिएतनामी लोक तिला ‘नऊ ड्रॅगन’ म्हणतात. देशातला निम्म्याहून अधिक भात आणि निर्यातीचा जवळपास सगळा तांदूळ इथला. आणि हा सगळा प्रदेश समुद्रसपाटीपासून सरासरी एक मीटरसुद्धा उंच नाही. वर चीन आणि लाओसने बांधलेली धरणं गाळ अडवतात. खाली बांधकामासाठी नदीतली वाळू उपसली जाते. गावं आणि कोळंबीची तळी भूजल ओढतात, त्याने जमीन खचते. समुद्र चढतो तो वेगळाच. 2016 आणि 2020 च्या कोरड्या महिन्यांत खारं पाणी नदीतून कित्येक किलोमीटर आत घुसलं, भात जळाला, प्यायचं पाणी टँकरने आणावं लागलं. शेतकरी हात जोडून बसलेले नाहीत. का माऊकडे ते पावसाळ्यात गोड्या पाण्यावर भात घेतात आणि उन्हाळ्यात खारं पाणी आत घेऊन त्याच खाचरात कोळंबी पाळतात. गोव्याच्या खाजण शेतीत हेच चक्र शतकानुशतकं चालत आलं आहे. तुझे नातेवाईक त्या बाजूचे असतील तर एका खाजणाचा फोटो शेजारी लाव. तरुण पोरं मात्र शेती सोडून हो ची मिन्ह सिटीभोवतीच्या कारखान्यांत चालली आहेत, आणि गावांत म्हातारे-लहान उरले आहेत.

राज्यव्यवस्था थोडक्यात आणि स्पष्ट लिही. कम्युनिस्ट पक्ष एकटाच. दुसऱ्या पक्षाला परवानगी नाही. राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान असतात, पण खरं वजन पक्षाच्या सरचिटणीसाचं. ऑगस्ट 2024 मध्ये त्या पदावर ‘तो लाम’ नावाचे नेते आले. वर्तमानपत्रं सरकारी नियंत्रणाखाली, टीका करणारे ब्लॉगर तुरुंगात जातात. बाजार मोकळा आणि राजकारण बंद असं हे गणित आहे, आणि ते चीनकडून उचललं असं म्हणणं सोपं असलं तरी चीनवर विश्वास न ठेवणं हा व्हिएतनामी राजकारणाचा पाया आहे.

माणसांबद्दलची माहिती तुला कुठेही मिळेल: सरकारमान्य 54 वांशिक गट, त्यात किन्ह म्हणजे बहुसंख्य व्हिएत सुमारे 85 टक्के, बहुतेक जण धर्म विचारला तर ‘कोणताच नाही’ म्हणतात आणि घरात पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावतात. 1926 मध्ये स्थापन झालेला काओ दाय हा पंथ बुद्ध, येशू आणि कन्फ्युशियसबरोबर फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोलाही संत मानतो. हे लिहिलंस तर वर्गात हशा होईल, पण खरं आहे. रस्त्यांवर सात कोटींहून जास्त दुचाकी. मोठा सण तेत, जानेवारी-फेब्रुवारीतलं चांद्र नववर्ष. तेव्हा कारखान्यांतले मजूर गावी जातात आणि शहरं ओस पडतात. जेवणात भात, पालेभाज्या आणि मांदेलीसारख्या छोट्या माशांना मिठात आंबवून काढलेलं ‘नुओक माम’. मांसाहार न करणाऱ्यांची तिथे उपासमार होते असं सहलीवाले सांगतात. पण बहुतेक शहरांत ‘चाय’ (म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) अशी पाटी लावलेली खानावळ असते आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी ती भरून वाहते. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळतात, त्यामुळे किमती लाखांत वाचून दचकू नकोस.

दोन गोष्टी नकाशा काढायच्या आधी तपास. पहिली: 1 जुलै 2025 पासून व्हिएतनामने प्रांत एकत्र करून 63 चे 34 केले, 28 प्रांत आणि 6 केंद्रशासित शहरं, आणि जिल्हा ही पातळीच रद्द केली. जुन्या पुस्तकांत होई आन आणि मी सोन क्वांग नाम प्रांतात दिसतील. तो प्रांत आता दा नांगमध्ये विलीन झाला आहे. हो ची मिन्ह सिटीतही शेजारचे दोन प्रांत आले. लायब्ररीतला अ‍ॅटलास डोंगर-नद्यांसाठी वापर, प्रांतांसाठी नको.

दुसरी गोष्ट समुद्राची. पूर्वेला पारासेल आणि स्प्रॅटली ही बेटं आहेत. पारासेलवर 1974 पासून चीनचा ताबा आहे, स्प्रॅटलीतल्या जॉन्सन खडकावर 1988 मध्ये चिनी नौदलाच्या गोळीबारात 64 व्हिएतनामी सैनिक मेले, आणि व्हिएतनाम दोन्हींवर हक्क सांगतो. भारताची ओएनजीसी विदेश ही कंपनी व्हिएतनामच्या किनाऱ्यापुढच्या समुद्रात वायू काढण्यात भागीदार आहे, त्यामुळे हा वाद आपल्यालाही थोडा लागून जातो. इंटरनेटवरून उतरवलेल्या नकाशांत बऱ्याचदा जवळजवळ सगळा समुद्र वेढणारी तुटक रेषा छापलेली असते. ती चीनचा दावा दाखवते, मान्य सीमा नाही. व्हिएतनाममध्ये तशी रेषा दाखवली म्हणून 2023 साली एका हॉलिवूडपटावर बंदी आली होती. तू कोरा नकाशा घे, हाताने बेटांवर ठिपके दे, शेजारी ‘वादग्रस्त’ असं लिही, आणि समुद्राच्या नावाच्या जागी ‘दक्षिण चीन समुद्र’ लिहून खाली लहान अक्षरांत व्हिएतनाम त्याला म्हणतो ते ‘पूर्व समुद्र’ हे नाव टाक.